पापणीभर उशीर

सहा मोडेम परत करणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं. सहाच्या सहा मोडेम चालू होते, हे आधी सांगून ठेवतो. खराब माल परत आला तर त्याचं कुणी मनाला लावून घेत नाही, दुकान थाटलं की ते आलंच. अण्णा चालू माल परत आणायचे. पांढऱ्या पंच्यात तान्ह्या पोरासारखा गुंडाळून आणायचे, काउंटरवर अलगद ठेवायचे आणि म्हणायचे, "इंजनेर, ह्यो बी ओ द्यायला येळ लावतोय."

इंजनेर म्हणजे मी. खरं तर मी डिप्लोमावाला, पण अण्णांना तसले बारीक फरक मान्य नव्हते. सांगलीत तेव्हा इंटरनेट नुकतंच आलं होतं. मी आणि माझा भागीदार, दोघांनी मिळून कॉम्प्युटरचं दुकान काढलं होतं. मोडेम म्हणजे कॉम्प्युटरला टेलिफोनच्या तारेवरून बोलायला लावणारी डबी. फोन लावला की ती आधी शिट्टी मारायची, मग घसा खरवडल्यासारखा आवाज करायची, आणि पलीकडच्या डबीनं तसाच आवाज काढला की दोघींचं जमायचं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच विचारायचं, सगळ्यात वेगवान कुठला. मीही छाती पुढे काढून आकडे सांगायचो.

अण्णांनी पहिल्याच दिवशी मला गप्प केलं. म्हणाले, पळणारा नको, हाक मारली की लगेच ओ देणारा दाखव. मी म्हटलं, दोन्ही एकच की. त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. हळदीची पोती ट्रकनं येतात, ती आठवड्यानं आली तरी बिघडत नाही, ट्रकही मोठा हवा, असं ते म्हणाले. पण दारात उभं राहून माणसाला हाक मारली तर त्याची ओ आत्ता यायला हवी, तिथं ट्रक काय कामाचा. मी हसलो आणि दुकानातला सगळ्यात महाग मोडेम त्यांच्या हातात दिला. चार दिवसांनी तो पंच्यात गुंडाळून परत आला.

माणूस साठीच्या पुढचा, उंच, काडीसारखा. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि या सगळ्या पांढऱ्यात दोन पिवळे हात. जन्म हळदीच्या व्यापारात गेलेला. हळद बोटांच्या रेषांत मुरून बसली होती, ती साबणानं जात नव्हती. राहायचे वखारभागात, एका गोडाऊनच्या वरच्या दोन खोल्यांत, एकटेच. खोलीत गेलं की आधी वास यायचा, मग अंधारात ते हात दिसायचे आणि सगळ्यात शेवटी अण्णा.

ते अडत्या होते. शेतकऱ्याचा माल खरेदीदाराला विकून द्यायचा, हे काम. आता सगळे सौदे उघड बोली लावून होतात, पण अण्णांच्या उमेदीत ते रुमालाखाली व्हायचे. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचा. तोंडानं अवाक्षर नाही. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला काही कळायचं नाही. अण्णांनी हे तीस वर्षं केलं. त्यामुळे त्यांचा माणसाच्या तोंडावर विश्वास नव्हता, बोटांवर होता. कुणाशीही ओळख करून घेताना ते हात हातात घ्यायचे आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवायचे. माझी बायको एकदा दुकानात आली होती, तिनं लांबूनच नमस्कार केला आणि घरी गेल्यावर म्हणाली, ते गृहस्थ हात बघत नाहीत, हातातून आत बघतात. मी तिला हसण्यावारी नेलं, पण मलाही ते जाणवलं होतं.

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे उशीर. प्रत्येक माणसाचा एक उशीर ठरलेला असतो, असं ते म्हणायचे. विचारल्यावर उत्तर निघेपर्यंत जो वेळ जातो तो. माणूस दाढी वाढवील, आवाज बदलील, पण हा उशीर त्याला बदलता येत नाही. त्यांचं माप पापणी. डोळ्याची पापणी एकदा लवायला लागतो तेवढा वेळ म्हणजे एक पापणी. चहावाला दोन पापण्यांचा, पोस्टमन एक पापणीचा, मी दीड. माझा भागीदार मात्र त्यांना मुळीच आवडायचा नाही, कारण तो प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायचा. अण्णा एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "त्याच्यापास्नं जपून ऱ्हा. ज्याला उशीरच न्हाई त्यो माणूस न्हवं." भागीदार पुढे खरंच मला न सांगता पुण्याला निघून गेला, पण तो भाग वेगळा.

मोडेमच्या उशिरासाठी अण्णा एवढे का अडून बसतात, हे मला चौथा मोडेम परत आला तेव्हा कळलं. मी वैतागलो होतो. मोडेम पुरवणाऱ्या पुण्याच्या व्यापाऱ्याला काय सांगू, की माल चांगला आहे पण आमच्या गिऱ्हाइकाला तो तोतरा वाटतो? मी जरा आवाज चढवला. अण्णा शांतपणे स्टुलावर बसले आणि त्यांनी मला सातारकरांची गोष्ट सांगितली.

सातारकर हे त्यांचं नाव नव्हे. ते साताऱ्याचे मसाल्याचे व्यापारी, मुसलमान, म्हणून बाजारात सगळे सातारकर म्हणायचे. सांगलीला हळद खरेदीला यायचे. तीस वर्षं रुमालाखाली अण्णांच्या समोर बसले ते बहुतेक तेच. दोघं एकमेकांच्या घरी कधी पाणी प्यायले नव्हते. मुलंबाळं किती, हेही एकमेकांना विचारलेलं नव्हतं. अण्णा म्हणाले, त्याची बायको गेली ते मला त्यानं सांगितलं नाही, मला ते रुमालाखाली कळलं. बोटं गार नव्हती, थरथरत नव्हती, फक्त उशीर अर्ध्या पापणीनं वाढला होता. त्या दिवशी अण्णांनी भाव ताणला नाही.

मग सातारकरांना दोन झटके आले. वाचा गेली, पाय गेले, उजव्या हाताची बोटं तेवढी हलत होती. ते साताऱ्याला पलंगावर, त्यांची मुलगी त्यांना सांभाळत होती. अण्णा एकदा जाऊन आले. घरच्यांच्या देखत त्यांनी खिशातला रुमाल काढून सातारकरांच्या हातावर टाकला आणि अर्धा तास तसेच बसले. परत आले ते खुशीत. पण त्यांचा मणका खराब होता, त्या प्रवासानं ते पंधरा दिवस अंथरुणाला खिळले आणि डॉक्टरांनी गाडीत बसायलाच मनाई केली.

अशात एक दिवस ते आमच्या दुकानावरून जात होते. मी आणि भागीदार जेवणाच्या सुट्टीत दोन कॉम्प्युटर तारेनं जोडून चेंडूफळी खेळत होतो. काळ्या पडद्यावर एक पांढरा चेंडू, दोन टोकांना दोन फळ्या. वरचा बाण दाबला की फळी वर, खालचा दाबला की खाली. चेंडू फळीवर आला की टक, निसटला की समोरच्याला एक गुण. एवढाच खेळ. अण्णा दारात थांबून बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी विचारलं, समोरचा माणूस साताऱ्यात असला तरी चालतं का? मी म्हटलं, मोडेम लावला तर चालतं.

त्यांनी एक कॉम्प्युटर स्वतःला घेतला, एक जुना, मोडेमसकट, माझ्या भागीदाराकरवी साताऱ्यात बसवून घेतला. रोज दुपारी पावणेचारला ते फोन जोडायचे आणि दोघं अर्धा तास खेळायचे. रात्री फोनचा दर कमी असतो, हे मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, सौदा दिवसाउजेडी करायचा असतो. मात्र कीबोर्डवर हात ठेवला की वरून रुमाल टाकायचे, कारण बोटं उघडी पडली की लाजतात, असं त्यांचं म्हणणं. दोन मिनिटांपूर्वी गप्पा मारणारा माणूस रुमाल टाकला की खोलीतून निघून गेल्यासारखा व्हायचा. डोळे पडद्यावर, अंग निश्चल. रुमालाखाली काहीतरी हलतंय, एवढंच दिसायचं. मला तिथं बसायला बरं वाटत नसे.

खेळात उशीर होता, हे खरंच. साताऱ्यातल्या फळीची हालचाल इकडं जरा मागून पोचायची. कधी कधी चेंडू फळीच्या पार गेलेला दिसायचा, गुण गेला असं वाटायचं आणि मग तो गेलेला चेंडू परत यायचा. कुठल्याही खेळणाऱ्याला त्याचा राग येतो. अण्णांना राग नव्हता, भीती होती. त्या दिवशी स्टुलावर बसून त्यांनी ती बोलून दाखवली.

"डॉक्टर म्हणतोय, हळूहळू बोटं बी जातील. उशीर वाढत जाईल. आन् मग एक दिवस थांबंल. आता मला सांग, फळीला जो येळ लागतोय त्यो त्याचा हाय का तुझ्या डबीचा? मला कळाय नको व्हय, माणूस कवा चाललाय ते?"

त्यानंतर मी हसायचं सोडलं. पाचवा, सहावा मोडेम मी स्वतः त्यांच्या घरी लावून पाहिला. आणि मग एका मासिकात वाचताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोडेम वेगवान दिसावा म्हणून आत बरीच लुडबुड करतो. खुणा साठवतो, दाबून त्यांचा गठ्ठा करतो, मग पाठवतो. पलीकडचा मोडेम प्रत्येक गठ्ठा तपासतो आणि तारेच्या खरखरीनं काही बिघडलं असलं तर म्हणतो, पुन्हा सांग. उशीर त्यात जात होता. ही सगळी कामं एका ओळीचा हुकूम देऊन बंद करता येत होती. दुकानाच्या माळ्यावर दोन जुने, जाडजूड मोडेम पडून होते, वेग निम्मा, म्हणून कुणी घेत नव्हतं. ते माझा हुकूम निमूटपणे ऐकायचे. मी ते उतरवले.

मी अण्णांना एक गोष्ट बजावून सांगितली. तपासणी बंद केली की तारेवरची खरखरही आत येणार. फळी सातारकरांनी हलवली की तारेनं, ते मशीनला कळणार नाही.

"मशीनला कशाला कळाय पायजे?" अण्णा म्हणाले. "मला कळतंय की."

दुसरा मोडेम घेऊन मी इस्लामपूर-कराडवरून एसटीनं साताऱ्याला गेलो. सातारकरांना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. मोठा, देखणा चेहरा, त्यावर काहीच हलत नव्हतं. फक्त डोळे माझ्याबरोबर खोलीभर फिरत होते. मुलगी सकाळच्या शाळेत शिकवायची, दुपारी वडिलांजवळ असायची. तिनं कीबोर्ड त्यांच्या हाताखाली सरकवला आणि वर रुमाल टाकला. हे तिला कुणी सांगितलं, म्हणून विचारलं तर म्हणाली, अब्बा रुमालाशिवाय बोट हलवतच नाहीत.

मी साताऱ्यात असतानाच इकडून अण्णांनी फोन जोडला. पहिला चेंडू आला, रुमाल किंचित हलला, चेंडू गेला. रात्री सांगलीला पोचलो तेव्हा अण्णा दुकानाच्या पायरीवर माझी वाट बघत बसले होते. माझा हात धरून म्हणाले, "आला रं. आज सातारकर आला. एक पापणी, वर थोडा. हुता तसा हाय." एवढ्या वयाचा माणूस भर रस्त्यात रडतो आहे म्हणून मी त्यांना आत घेतलं. त्या दिवशी मला माझ्या धंद्याचा जो अभिमान वाटला तो पुढे कधी वाटला नाही.

त्यानंतरचं वर्षभर मी अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन बसायचो. वारा सुटला की फळी उगाच थरथरायची. अण्णा शांतपणे म्हणायचे, ह्यो तारेचा, त्यो न्हवं. एकदा मधेच खेळ थांबवून म्हणाले, आज त्याला ताप आहे. मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी साताऱ्याला फोन केला. ताप होता. आणखी एकदा तीन चेंडू होताच अण्णांनी हात काढून घेतला, मोडेमची वायर उपटून फोनला लावली आणि साताऱ्याचा नंबर फिरवला. मुलीला म्हणाले, "पोरी, बापाच्या जागी बसू नगं. झोपू दे त्याला." तिनं कबूल केलं, वडिलांना डोळा लागला होता, अण्णांना वाईट वाटू नये म्हणून तीच खेळत होती. तीन चेंडूंत काय कळतं हो माणसाला? पण त्यांना कळलं होतं.

आता त्या दिवसाबद्दल. मी हे पुष्कळदा मनाशी तपासून पाहिलं आहे, त्यामुळे जे पाहिलं तेवढंच सांगतो.

उन्हाला नुकती धार चढायला लागली होती. अण्णांच्या पडद्यावरचं चित्र हलत होतं, ते बघायला मी गेलो होतो. माझं काम झालं, पावणेचारला त्यांनी फोन जोडला, शिट्ट्या झाल्या, मोडेमचा लाल दिवा लागला. पलीकडे कुणी आहे, याची ती खूण. अण्णांनी रुमाल टाकला. मी मागं खुर्चीवर टेकलो. सातारकर पूर्वीसारखं खेळू शकत नव्हते. पाचसहा चेंडूंमागं एक निसटायचाच. उशीर वाढत चालला होता, दोन पापण्यांच्या वर गेला होता, आणि अण्णा त्याबद्दल बोलायचे नाहीत. चार वाजायच्या सुमारास गुण झाले होते सहा-चार.

आणि मग पलीकडची फळी बदलली. मला खेळातलं फार कळत नाही, पण हे कुणालाही दिसलं असतं. इतका वेळ ती अडखळत, मागून येत होती. आता ती चेंडूच्या आधी जागेवर असायची. एकही चेंडू निसटेना. खोलीत फक्त टक, टक. गुण सहा-चारवरच थांबले.

"उशीर न्हाई ऱ्हायला," अण्णा म्हणाले.

मी खूश होऊन म्हटलं, आज लाइन फार स्वच्छ दिसते. अण्णा वळले नाहीत. त्यांच्या मानेवर घाम आला होता. मी पुढं वाकून बघितलं तर चेहरा पार उतरलेला. तेव्हाच मला त्यांनी भागीदाराबद्दल म्हटलेलं आठवलं. मी म्हटलं, अण्णा, थांबवू या का, जरा पाणी घ्या. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. या खेळात दर दहा चेंडूंनी वेग वाढतो. शेवटी तर चेंडू नुसती पांढरी रेघ दिसत होता. अण्णांची बोटं त्या वयात तेवढी कशी चालली, मला माहीत नाही. पलीकडची फळी मात्र सावकाश होती, तिला जणू घाईच नव्हती, आणि तरी ती दर वेळी तिथंच असायची.

पावणेपाचच्या आत जिन्यावर पावलं वाजली. शेजारचे किराणा दुकानदार धापा टाकत वर आले. म्हणाले, साताऱ्याहून त्यांच्या दुकानात फोन आला होता. अण्णांचा फोन मघापासून लागत नाही म्हणून मुलीनं तिकडं लावला. सातारकर गेले. चार वाजता ती चहा घेऊन गेली तेव्हा ते गेलेले होते.

टक. टक.

दुकानदार पडद्याकडं बघायला लागले. मीही बघत होतो. त्यांना हा खेळ काय, पलीकडे कोण, यातलं काहीच माहीत नव्हतं, म्हणून ते फक्त गोंधळले. मला माहीत होतं. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि पलीकडची फळी वर जाताना पाहिली, खाली येताना पाहिली.

अण्णांनी दुकानदारांना सांगितलं, "कळलंय मला. जावा तुमी, जीप बघा एक. आलोच मी." ते खाली गेले. त्यानंतरही अण्णा खेळत राहिले. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही, फार नसेल. मग त्यांनी रुमालाखालून हात काढला आणि मांडीवर ठेवला. चेंडू त्यांच्या फळीवरून निघून गेला. पलीकडच्या बाजूचा एक गुण वाढला, सहा-पाच. क्षणभर काहीच झालं नाही. पलीकडची फळी मधोमध येऊन थांबली, आणि मोडेमवरचा लाल दिवा आपसूक विझला.

त्या संध्याकाळी मणक्याची पर्वा न करता अण्णा जीपनं साताऱ्याला गेले आणि मूठमाती देऊन परत आले. मी त्यांच्याशी त्या विषयावर बोललो नाही. मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. तपासणी मीच बंद केली होती. तारेवरची खरखर, ती फळी हलवत राहिली. सातारकर गेले, तरी त्यांचा कॉम्प्युटर चालू होता, लाइन जोडलेली होती, एवढं पुरेसं होतं. खरखरीला चेंडू कुठं येणार ते कसं कळलं, हा प्रश्न मी बाजूला ठेवला. पण एक गोष्ट मला बोचत होती. ही समजूत खरी असेल तर अण्णांना ज्याची भीती होती तेच झालं होतं. माणूस गेला आणि त्यांना कळलं नाही, ते खरखरीशी खेळत बसले, आणि ते माझ्या एका ओळीच्या हुकुमामुळे.

महिन्याभरानं मुलीनं कॉम्प्युटर घेऊन जायला मला बोलावलं. वायरी गुंडाळताना मी तिला सहज विचारावं तसं विचारलं, त्या दिवशी हे सगळं चालूच राहिलं असेल ना? ती नाही म्हणाली. अब्बांना खाली घ्यायला जागा हवी होती, म्हणून कॉम्प्युटर तिनं त्याच क्षणी बंद केला, टेबलासकट बाहेर काढला. मोडेमची वायर काढून फोनला लावली. पहिला फोन तिनं सांगलीला, अण्णांनाच लावला होता.

"तेव्हा किती वाजले होते?" मी विचारलं.

"चार वाजून पाचसात मिनिटं असतील. लाइन बिझी लागत होती. तुम्ही कुणाशी बोलत होता एवढा वेळ?"

परतीच्या एसटीत मी कराडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. अण्णांना सांगायचं की नाही, हे ठरवत होतो. खरखर म्हटलं तर अण्णा आपल्या हातावरचा विश्वास गमावून बसतील. पलीकडचं मशीन बंद होतं, हे सांगितलं तर काय होईल, ते मला माहीत नव्हतं. शेवटी मी सांगायचं ठरवलं, कारण लपवलं असतं तरी त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलंच असतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दचकले नाहीत, नवलही केलं नाही. खिडकीच्या फटीतून जेवढा उजेड येत होता त्यात ते आपले पिवळे हात बघत होते. मी म्हटलं, अण्णा, तुम्हाला हे ठाऊक होतं?

"चारलाच कळलं," ते म्हणाले. "बाजारात एक रीत हुती. रुमालाखालनं हात आधी अडत्यानं काढायचा. खरेदीदारानं आधी काढला तर अडत्याचा अपमान. त्यो रीतीचा माणूस. मी काढल्याबिगर त्यो काढणार न्हवता." ते थांबले. एक पापणी गेली, दोन गेल्या, मी मोजत होतो. "मला काढवंना रं. तिकडं त्याला न्हायला घालायची तयारी चालली आन् हितं मी त्याला धरून बसलो. चाळीस मिनटं ताटकळत ठिवलं त्या माणसाला. तीस वर्सांत त्यानं मला एकदाबी ताटकळत ठिवलं न्हवतं."